परदेशातून मेडलं आणताय? आधी घरची हवा ओळखा

आमच्या वाडीत कोणी ना कोणी कायम बोटीवर असतं. सुटीवर आलं की बॅगेतून चॉकलेटं, परफ्यूम आणि फ्रिजवर चिकटवायची मॅग्नेटं निघतात. माझ्या बॅगेतून मेडलं निघायची. तेवीस वर्षं मी बोटीवर फिटर होतो. धातू हाताळायची सवय होती, आणि ज्या बंदरात उतरायला मिळेल तिथून एखादी चकती उचलायची खोड होती. आता घरी बसलोय, तर पोरं विचारतात, "काका, हे सुरू कसं करायचं?" मुलाकडे लंडनला, दुबईला जाऊन आलेले शेजारीही विचारतात. त्यांना सांगतो तेच इथे लिहितोय.

मेडल मिळवायला फार अक्कल लागत नाही, मशीनमध्ये नाणी टाकली की पडतं. पण ते रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत दहा पावसाळे काढेल का, हा विचार विकत घेतानाच करावा लागतो. माझी निम्मी मेडलं मी हा विचार न करता घेतली, आणि त्यातली बरीच गेली.

आधी मेडल म्हणजे काय ते

नाण्यावर किंमत असते आणि त्यामागे सरकार असतं. मेडलावर किंमत नसते, ते बाजारात चालत नाही, आणि ते कोणीही काढू शकतं: टांकसाळ, नगरपालिका, संग्रहालय, जहाज बांधणारी गोदी, कोपऱ्यावरचा दुकानदारसुद्धा. म्हणून "मर्यादित आवृत्ती" असं छापलेल्या चिठ्ठीला भुलू नका. मर्यादा किती ते आकड्यात लिहिलेलं नसेल तर त्या चिठ्ठीला काही अर्थ नाही.

एका बाजूला चेहरा आणि दुसऱ्या बाजूला त्या माणसाची काही कथा, हा घाट इटलीतल्या पिसानेल्लोने घालून दिला. १४३८ च्या सुमाराचं त्याचं बायझंटाइन सम्राट आठव्या जॉनचं मेडल हे या प्रकारातलं पहिलं धरतात. स्मारकाजवळच्या मशीनमधली चकती त्याच घराण्यातली, जरा लांबच्या नात्यातली. नाणं चरकातून काढून लांबट करतात ते मात्र मेडल नव्हे. ती मजा शिकागोच्या १८९२-९३ च्या जागतिक प्रदर्शनापासूनची आहे आणि तिचा छंद वेगळा.

काय गोळा करायचं ते ठरवा, पण घाईने नको

पहिली पाच-सहा मेडलं मनाला येतील ती घ्या. मग ती टेबलावर मांडा आणि आपला हात कुठे वळतोय ते बघा. माझा जहाजं आणि दीपगृहं यांच्याकडे वळला, यात नवल काही नाही. कोणाचा किल्ल्यांकडे वळेल, कोणाचा पुलांकडे.

आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला एक आयता धागा आहे, आणि तो फारसा कोणी धरत नाही. पोर्तुगीज आणि डच ज्या समुद्रातून फिरले तो आपलाच. चौलजवळ १५०८ मध्ये पोर्तुगीजांची मोठी आरमारी लढाई झाली आणि त्यात त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा पडला. वेंगुर्ल्याला डच वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत. लिस्बनमध्ये समुद्रसफरींवरची मेडलं पुष्कळ मिळतात, १९९८ चं जागतिक प्रदर्शन तर महासागर याच विषयावर होतं. ॲमस्टरडॅमच्या जुन्या बाजारात जहाजांची मेडलं दिसतात. ती घेऊन घरी आलात की चौलशेजारच्या रेवदंड्याला जायला एक कारण मिळतं.

कुठे मिळतात

पॅरिसमध्ये सगळ्यात सोपं. तिथली टांकसाळ, मोने द पारी, ८६४ सालापासूनची आहे आणि आजही सेन नदीच्या काठावर, के द कोंतीवर, तिची इमारत आणि दुकान आहे. आयफेल टॉवरपासून अनेक स्मारकांजवळ तिची मशीनं असतात. चकती ३४ मिलिमीटरची, सोनेरी दिसते. सोनं त्यात नाही, तांब्याचा मिश्रधातू आहे. पूर्वी दोन युरो पुरायचे, आता जास्त लागतात. काही मशीनं अजून फक्त नाणी घेतात, म्हणून सकाळी कॉफीच्या दुकानात नोट मोडून एक आणि दोन युरोची नाणी खिशात टाका. मागच्या बाजूला साल असतं. तेच स्मारक, साल वेगळं, की ते वेगळं मेडल. या सापळ्यात अडकू नका, अंत नाही.

जपानमध्ये टोकियो टॉवरसारख्या ठिकाणी मेडल घेतलं की शेजारच्या छोट्या मशीनवर त्यावर नाव आणि तारीख ठोकून मिळते. अक्षर निवडायचं, दाबायचं, टक्कन ठसा उमटतो. मी पहिल्यांदा बायकोचं नाव ठोकताना एक अक्षर चुकलो. ते मेडल तिच्याकडे आहे आणि पाहुण्यांना दाखवायला ती विसरत नाही. नाव नको वाटलं तर नुसती तारीख ठोका. संग्रहाला तारीख उपयोगी पडते, नाव फक्त घरच्यांना.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचं दुकान बघा. तिथली संसद ज्यांना सुवर्णपदक देते त्यांच्या पदकाच्या ब्राँझमधल्या प्रती टांकसाळ विकते, दीड इंची आणि तीन इंची. पहिलं पदक १७७६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनला दिलं होतं. १९९७ मध्ये ते मदर तेरेसांना मिळालं. नवख्याने सुरुवात करायला यापेक्षा सरळ माल मला माहीत नाही: धातू खरा, कारागिरी स्वच्छ.

जुन्या बाजारांची मजा वेगळी. लिस्बनचा फेइरा दा लाद्रा मंगळवारी आणि शनिवारी भरतो, पॅरिसचा वांव्हचा बाजार शनिवार-रविवारी, माद्रिदच्या प्लासा मायोरमध्ये रविवारी सकाळी नाण्यावाले बसतात. बोटीच्या वेळापत्रकात वार आपल्या हातात नसतो आणि कंटेनर जहाज हल्ली बंदरात टिकतच नाही. फिरायला जाणाऱ्यांनी मात्र वार बघूनच तिकीट काढावं.

या बाजारात मेडल हातात घेतलंत की आधी कड बघा. पॅरिसच्या मेडलांच्या कडेवर धातूचं नाव आणि फळाफुलांनी भरलेल्या शिंगाचा बारीक ठसा असतो. ते शिंग १८८० पासूनचं आहे. म्हणजे मेडलाच्या तोंडावर नेपोलियनच्या काळातलं साल आणि कडेवर शिंग असेल, तर ते जुन्या ठशावरून नंतर पाडलेलं आहे. त्यात फसवणूक नाही, टांकसाळ अशी मेडलं उघडपणे काढते. फक्त किंमत जुन्याची देऊ नका.

धातू ओळखणं: इथे जरा वेळ द्या

दुकानदार "ब्राँझ" म्हणतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा ब्राँझचा रंग म्हणायचा असतो. स्वस्त स्मरणवस्तू जस्ताच्या मिश्रधातूत ओततात आणि वर पातळ मुलामा देतात. आपल्याकडे या मुलाम्याखाली दोन पावसाळ्यांत फोड येतात, ते फुटले की पांढरी भुकटी निघते. त्याला उपाय नाही. ब्राँझ किंवा तांब्याचं मेडल नीट ठेवलं तर आपल्यापेक्षा जास्त जगतं.

हातात घेऊन अंदाज येतो, पण पहिली दोन वर्षं हातावर विश्वास ठेवू नका. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. स्वयंपाकघरातला चालणार नाही. मेडलाचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. मेडलाला शिवणीचा दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि बाजूंना टेकणार नाही असं धरा. काट्यावर जो आकडा येईल त्याने आधीच्या वजनाला भागा.

मी एका बंदरावरच्या दुकानातून "खास ब्राँझ" म्हणून घेतलेलं नांगराचं मेडल असं तपासलं. वजन ४६.२ ग्रॅम, पाण्यातला आकडा ६.९. भागाकार ६.७. ब्राँझचा ८.८ च्या आसपास यायला हवा, पितळेचा साडेआठ, चांदीचा दहाच्या वर. ६.७ म्हणजे जस्त. खिडकीच्या उजेडात कड पुन्हा नीट बघितली तेव्हा साच्याच्या दोन पाळ्या जुळतात तिथली केसासारखी रेघही दिसली. दुकानात चष्मा लावला असता तर तिथेच दिसली असती.

परदेशात फिरताना पाण्याचा पेला घेऊन फिरता येत नाही, म्हणून तिथे तीन गोष्टी बघा: कडेवर सांध्याची रेघ आहे का, खोलगट भागात बुडबुड्यांसारखे खळगे आहेत का, आणि अक्षरांच्या कडा धारदार आहेत की वितळल्यासारख्या. छोटं चुंबक किल्ल्यांना अडकवून ठेवा. चिकटलं तर खाली लोखंड आहे, परत ठेवून द्या. चिकटलं नाही म्हणून लगेच खूश होऊ नका, जस्तही चिकटत नाही.

चांदीचा मोह बहुतेकांना होतो. घर खाडीच्या काठावर असेल तर विचार करा. ओहोटीला खाजणातून सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो हायड्रोजन सल्फाइड, आणि चांदी काळी करतो तो हाच. आमच्या घरी चांदीची समई महिन्यात काळवंडते. मेडल वेगळं कसं राहील?

आणताना

मेडलं हातातल्या बॅगेत ठेवा, एकावर एक रचून नको. एक्स-रेमध्ये चकत्यांची चळत म्हणजे एक काळाकुट्ट ठोकळा दिसतो आणि मग सगळी बॅग उपसावी लागते. सपाट पाऊचमध्ये एकेक, पाऊच वर. वजनाचा हिशोब आधी करा: ७० मिलिमीटर रुंद आणि पाच मिलिमीटर जाड ब्राँझचं एक मेडल पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. सहा घेतलीत की किलो झाला.

कस्टम्सचं थोडक्यात पण नीट ऐका. दागिने सोडून इतर कोणत्याही रूपातलं सोनं किंवा चांदी प्रवाशाच्या मोफत सवलतीत बसत नाही. चांदीचं मेडल हा दागिना नव्हे. बिल हातात ठेवा, रेड चॅनलला जा आणि सांगा. ब्राँझ आणि तांब्याची मेडलं बाकी सामानाबरोबर सवलतीच्या रकमेत धरली जातात. ती रक्कम बदलत असते, निघण्याआधी कस्टम्सच्या संकेतस्थळावर बघून घ्या. बोटीवरच्या मंडळींना प्रवाशांपेक्षा वेगळे नियम लागतात, एजंटला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका.

आणि तुर्कस्तान, ग्रीस, इटली, इजिप्त इथे कोणी मातीतून निघालेलं नाणं दाखवलं तर हात खिशात घालून पुढे चला. तिथले कायदे कडक आहेत. आपलाही १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे: शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. आजोबांचं पहिल्या महायुद्धातलं मेडल "तिकडे कोणाला तरी दाखवू" म्हणून बॅगेत टाकू नका.

घरी आल्यावर

इथून पुढे खरं काम. लिस्बनहून आणलेलं गलबताचं एक मेडल होतं माझ्याकडे, ब्राँझचं, ७० मिलिमीटरचं, चॉकलेटी रंगाचं. शिडाच्या घड्यांत तो रंग गडद आणि फुगवट्यावर उजळ, म्हणून शीड खरंच वाऱ्याने भरल्यासारखं दिसायचं. मी ते देवघराशेजारच्या फळीवर ठेवून बोटीवर गेलो. परत आलो तर ते नव्या लोट्यासारखं पिवळंधमक. गणपतीआधी आईने समया, ताम्हन, पळी सगळं चिंच आणि मीठ लावून घासलं, त्यात हेही गेलं. "बाबू, तुझा तो बिल्ला काळा पडलावता. घासून लख्ख केलाय बघ." काय बोलणार? तिने भांड्यांसारखंच मायेने घासलं होतं.

रंग गेला तो गेलाच. तो टांकसाळीत मुद्दाम रसायनांनी चढवलेला असतो. पण नुकसान तिथे थांबलं नाही. दिवाळीपर्यंत शिडाच्या घड्यांत फिकट हिरवे ठिपके आले. टाचणीने उकरले तर पिठासारखे सुटले, आठवड्यात पुन्हा आले. मिठातलं क्लोराइड तांब्यात शिरलं की दमट हवा मिळत जाईल तसं ते धातू खात राहतं. संग्रहालयातले लोक याला ब्राँझचा रोग म्हणतात. कडक, गडद हिरवा थर असेल तर घाबरायचं कारण नाही. फिकट आणि पिठूळ असेल तर तोच.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं आणि आपल्या घामातही. म्हणून मेडल कडेला धरायचं, तोंडावर बोट नाही. घरी आणलं की डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून काढा. बॅटरीच्या दुकानात बाटली मिळते. नळाचं नको, विहिरीचं तर मुळीच नको. किनाऱ्यावरच्या विहिरी मचूळ असतात. जुन्या मलमलीने टिपा, घासू नका, मग केस वाळवायच्या ड्रायरची कोमट हवा द्या. मिना किंवा लाखेचा थर असलेलं मेडल मात्र भिजवू नका, नुसतं मऊ ब्रशने झटका. आमसूल, चिंच, राख, टूथपेस्ट, पितळेची पावडर यांतलं काहीही लावू नका.

ठेवायला मऊ, वास येणारं प्लास्टिक नको. ते बहुधा पीव्हीसी असतं. काही वर्षांनी चिकट होतं आणि मेडलावर हिरवी बुळबुळ सोडतं. कडक पारदर्शक डब्या किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या पिशव्या घ्या. मेडलाबरोबर आलेली मखमली पेटी दिसायला सुंदर असते, पण ओल धरते. ती वेगळी ठेवा. रबरबँडात गंधक असतं, चांदीला काळं करतं. डांबर गोळ्या शेजारी नकोत. नव्या प्लायवूडच्या कपाटात आम्लाची वाफ असते. आणि कपाट कोणतंही असो, पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका. पावसाळ्यात त्या भिंतीला हात लावून बघा, कळेल.

आमच्याकडे सगळ्यात चांगली तिजोरी म्हणजे झाकणाला रबर असलेला पापडाचा हवाबंद डबा. तळाला सिलिका जेलची पुरचुंडी. पाच लिटरच्या डब्याला मी शंभरेक ग्रॅम घालतो. नारिंगी दाणे घ्या, निळ्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नको. नारिंगी रंग हिरवट झाला की दाणे तव्यावर अगदी मंद आचेवर परता, रंग परत येतो. तो तवा पुन्हा भाकरीला वापरू नका. एक छोटा आर्द्रतामापक आत ठेवा. काटा चाळीसच्या खाली राहिला की ब्राँझ सुखात.

डबा बंद करायची वेळ मात्र बहुतेक जण चुकवतात. जुलैत बंद केलात तर बाहेरची ओलच आत कोंडता. डिसेंबर ते फेब्रुवारी, कोरड्या दिवशी दुपारी भरा आणि पावसाळाभर उघडू नका. पाहुणे आले तर फोटो दाखवा. पावसात सुटीवर आलात तर नवीन मेडल वेगळ्या छोट्या डब्यात सिलिकाबरोबर ठेवा, मोठ्या डब्यात थंडीत हलवा.

वहीसुद्धा ठेवा, आणि ती मेडल घेतल्याच दिवशी लिहा. बंदर, तारीख, कुठून घेतलं, किंमत, व्यास, वजन, कडेवरची अक्षरं. वाचता येत नसलेली लिपी असेल तर फोटो तिथेच काढा, उजेड बाजूने घेऊन, म्हणजे उठाव दिसतो. माझ्याकडे कोरियातलं एक देखणं मेडल आहे, पुसान की उल्सान ते आता आठवत नाही. तेव्हा वाटलं होतं, हे कसं विसरू?

दसऱ्यानंतर आठवडाभर ऊन पडलं की डबा उघडा आणि प्रत्येक मेडल भिंगाखाली बघा, आधी अक्षरांच्या खाचा, मग कड. फिकट हिरवा ठिपका दिसला तर ते मेडल लगेच बाजूला काढा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, पाणी रोज बदला. माझ्या गलबताला तीन आठवडे लागले. आता ते एकटंच काचेच्या बरणीत आहे, सिलिकासकट, कैऱ्यांच्या बरणीपासून लांब. बाकीच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली आहे, अक्षर आईचं: "घासू नये."